थोरल्या साहेबांवरचा विश्वास आणि ग्रॅच्युइटीचे 18 लाख

प्रश्न : भोसरीतल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत 31 वर्षं काढून मी गेल्या महिन्यात निवृत्त झालो. वय 58. कंपनीचे 6,000 शेअर्स आहेत, भाव 700 रुपये. पीएफचे 36 लाख आणि ग्रॅच्युइटीचे 18 लाख हातात आलेत. कंपनीने जुन्या भागधारकांसाठी दोन शेअर्समागे एक नवा, 600 रुपयांनी, असा राइट्स इश्यू काढलाय. खंडेनवमीला कंपनीचे संस्थापक, आमचे थोरले साहेब, स्वतः मशीनच्या पूजेला यायचे. आता त्यांचे चिरंजीव चेअरमन आणि एमडी आहेत. ग्रॅच्युइटी घालून पूर्ण राइट्स घ्यावेत का?

उत्तर : घेऊ नका. ऑफरची कागदपत्रं आणि वार्षिक अहवाल सोबत पाठवलेत ते फार बरं केलंत, दोन्ही मी शेवटच्या पानापर्यंत वाचले. राइट्स इश्यू म्हणजे काही वाईट गोष्ट नव्हे. 2020 मध्ये रिलायन्सने 53,124 कोटींचा इश्यू काढला, तेव्हा प्रवर्तकांनी, म्हणजे मालक घराण्याने, आपला पूर्ण हिस्सा घेण्याची हमी आधीच दिली होती. मालक स्वतःचा पैसा घालतोय का, हे मी अशा कागदात सगळ्यात आधी शोधतो. तुमच्या कंपनीत चिरंजीव आपला हक्क ‘अंशतः’ वापरणार आहेत. त्यांचे 41 टक्के शेअर्स आधीच तारण आहेत. आणि जमणाऱ्या पैशातला मोठा वाटा घराण्याच्याच दुसऱ्या कंपनीकडून जमीन घ्यायला जाणार आहे.

हे वाचताना मला सत्यम या हैदराबादच्या आयटी कंपनीचा डिसेंबर 2008 आठवला. तिचे संस्थापक रामलिंग राजूंनी सत्यमच्या पैशातून मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या आपल्या घराण्याच्या कंपन्या घ्यायचं ठरवलं. व्यवहार 1.6 अब्ज डॉलरचा. संचालक मंडळावर नावाजलेले प्राध्यापक होते, आयएसबी या हैदराबादच्या बिझनेस स्कूलचे डीन होते. 16 डिसेंबरला त्या मंडळाने मंजुरी दिली. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत प्रस्ताव मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, 7 जानेवारी 2009 ला, राजूंचं पत्र आलं : ताळेबंदातली 5,040 कोटींची रोकड आणि बँकशिल्लक मुळात नाहीच. वाघावर बसलोय, उतरलो तर तो खाईल, अशी आपली गत झाल्याचं त्यांनी लिहिलं. मेटास हा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता. शेअर त्या एका दिवसात सुमारे 78 टक्के पडला. आदल्याच वर्षी याच कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार मिळाला होता.

तुमच्या कंपनीत घोटाळा आहे असं मी म्हणत नाही. तसा कुठलाही पुरावा माझ्याकडे नाही. पण मालकाच्या दोन खिशांमध्ये व्यवहार होतोय आणि त्यातला एक खिसा तुमचाही आहे. जमिनीची किंमत कोणी ठरवली, मूल्यांकन कोणाचं, याचा अहवालात उल्लेख नाही. ऑडिटर मुदत संपायच्या दोन वर्षं आधी ‘वेळेअभावी’ सोडून गेले, हे मात्र एका तळटीपेत आहे. ती तळटीप मला इश्यूच्या भावापेक्षा महत्त्वाची वाटते.

तुम्ही लिहिलंय, “साहेबांना उलट विचारायची आमच्यात पद्धत नव्हती.” तुम्ही हे अभिमानाने लिहिलंत आणि मला त्या नात्याचा आदर आहे. पण जपानच्या तोशिबा कंपनीत नेमकं हेच झालं. 2015 च्या चौकशीत सुमारे 15,180 कोटी येनचा फुगवलेला नफा उघड झाला. वरून अशक्य उद्दिष्टं यायची आणि खालचे लोक आकडे जुळवून द्यायचे, कारण वरिष्ठांना नाही म्हणायची सोय नव्हती. बाहेरचे संचालक, समित्या, सगळं कागदोपत्री चोख होतं. फक्त हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या ऑडिट कमिटीचा प्रमुख कंपनीचाच माजी सीएफओ, म्हणजे वित्तप्रमुख होता. आपल्याकडे काय, जपान-कोरियात काय, संस्थापकाच्या पुण्याईवर पुढची पिढी खुर्चीत बसते. बसू दे, त्यात गैर काही नाही. पण त्या खुर्चीसमोर प्रश्न विचारणारं कोणीतरी हवं. चेअरमन आणि एमडी एकच, आणि स्वतंत्र संचालकांपैकी एक जण घराण्याचे 20 वर्षांचे सीए. मग विचारणार कोण?

आता तुमचा हिशेब. राइट्सनंतर भाव गणिताने (700, 700 आणि 600 ची सरासरी) 667 च्या आसपास येईल. पूर्ण राइट्स घेतलेत तर 9,000 शेअर्स, म्हणजे 60 लाख. तुमच्या 96 लाखांच्या पुंजीतले 62 टक्क्यांहून जास्त एकाच घराण्याच्या हातात. पगार याच कंपनीतून आला, पीएफ-ग्रॅच्युइटीही इथूनच. सत्यमइतकी पडझड झाली तर 60 चे 13 लाख उरतील आणि भरून काढायला पुढे पगार नाही. कंपनी उत्तम चालली असती तरी मी तुम्हाला एवढं एका जागी ठेवू दिलं नसतं.

राइट्स घ्यायचे नाहीत म्हणून नुसते सोडूनही देऊ नका. तुमच्या डीमॅटमध्ये 3,000 हक्क, म्हणजे आरई, जमा होतील. ते शेअर बाजारात विकता येतात. गणिताने (667 वजा 600) एकाची किंमत 66-67 रुपये, म्हणजे सगळे मिळून दोन लाखांच्या आसपास. प्रत्यक्ष भाव थोडा कमी मिळेल. त्यांची खरेदी-विक्री इश्यू बंद होण्याच्या काही दिवस आधीच थांबते. ना वापरले ना विकले तर ते बुडतात आणि एक पैसाही मिळत नाही.

ग्रॅच्युइटीचे 18 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घाला. साठ पूर्ण नसली तरी निवृत्त झालेल्या 55 वर्षांवरच्यांना ती खुली आहे, मात्र निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडावं लागतं. तुमचा एक महिना गेलाय. 8.2 टक्क्यांनी दर तिमाहीला 36,900 रुपये येतील. मर्यादा 30 लाखांची आहे, तेव्हा पीएफमधले आणखी 12 लाखही तिथेच जाऊ शकतात.

जुन्या 6,000 शेअर्समधले 5,000 दोन आर्थिक वर्षांत विभागून विका, म्हणजे 1.25 लाखांची करमुक्त नफ्याची सूट दोनदा मिळेल. 31 जानेवारी 2018 च्या आधी घेतलेल्या शेअर्सना नफा मोजताना त्या दिवसाच्या भावाचाही फायदा असतो, सीएला खरेदीच्या तारखा नक्की दाखवा. हजार शेअर्स ठेवा. ते तुमच्या 31 वर्षांचे आहेत, त्यावर मी गणित लावणार नाही.

एक काम मात्र विकायला सुरुवात करण्याआधीचं. जमीन खरेदीच्या ठरावाची टपाली मतदानाची नोटीस तुमच्या कागदांत आहे. व्यवहार मोठा असल्यामुळे त्याच्या बाजूने प्रवर्तकांना मत देता येत नाही, निर्णय तुमच्यासारख्या बाहेरच्या भागधारकांच्या मतांवर होणार. नोटिशीतल्या कट-ऑफ तारखेला जितके शेअर्स नावावर, तितकी मतं. ती तारीख उलटेपर्यंत सहाच्या सहा हजार ठेवा आणि ई-मतदानाने विरोधात मत नोंदवा. कंपनी सचिवांना दोन ओळींचा ईमेलही पाठवा : मूल्यांकन कोणी केलं, आणि ऑडिटर का गेले?