टचस्क्रीन एवढी सोपी असते, मग माझ्या वडिलांनाच का जमत नाही?

तुमचे वडील ६८ वर्षांचे, तासगावला द्राक्षबाग बघतात, आणि नवा फोन हातात घेतला की वैतागतात. हवेत हात हलवून चालणारं काही घेतलं तर सोपं जाईल का, असंही तुम्ही विचारलंय. माझं मिरजेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, अशी माणसं रोज काउंटरवर येतात. दोष वडिलांचा नाही. फोनमधली निम्मी कामं स्क्रीनवर दिसतच नाहीत, ती आधीपासून माहीत असावी लागतात.

वडील फोन कसा धरतात ते एकदा शेजारी बसून बघा. डाव्या हातात घट्ट धरलेला असतो आणि अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग काचेच्या कडेवर टेकलेला असतो. फोनच्या लेखी तिथे आधीच एक बोट आहे. मग उजव्या बोटाने ते आयकॉन दाबतात, अगदी जोर लावून दाबतात, कारण पंपाच्या मोटारीचा स्टार्टर आणि जुन्या फोनची बटणं जन्मभर तशीच दाबली. जोर लावला की बोट जास्त वेळ टेकून राहतं आणि फोन त्याला 'लाँग प्रेस', म्हणजे बोट मुद्दाम धरून ठेवणं, समजतो. आयकॉन उचलला जातो, बोट जरा सरकलं की दुसऱ्याच पानावर जातो, नाहीतर 'अनइन्स्टॉल'वर जाऊन पडतो. मग घरात ओरडा, आबांनी व्हॉट्सअ‍ॅप उडवलं म्हणून.

काचेला जोर कळत नाही. तिच्याखाली न दिसणारी विद्युतवाहक जाळी असते. आपलं शरीर वीज वाहून नेतं, म्हणून बोट टेकलं की तिथलं विद्युतक्षेत्र किंचित बदलतं आणि फोन तेवढा बदल मोजतो. कातडी जाड आणि कोरडी असेल तर तो बदल पुरेसा होत नाही. आमची मिरज सतारीची. तारेने घट्टे पडलेली डाव्या हाताची बोटं फोनला लागतच नाहीत, अशी तक्रार घेऊन वादक येतात तेव्हा मी स्क्रीन बदलत नाही, दुसरं बोट वापरायला सांगतो. शेतातल्या हातांचं तेच आहे. आणि डिपिंग करून, म्हणजे द्राक्षाचे घड द्रावणात बुडवून, ओल्या हातांनी फोन घेतला तर उलटं होतं, पाण्याच्या थेंबांनाच फोन बोट समजतो.

टचस्क्रीनची कल्पना १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी विमान वाहतूक नियंत्रणासाठी मांडली. सत्तरच्या दशकात सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन केंद्राच्या नियंत्रण कक्षात ती वापरात आली. पद्धत सरळ होती, पडद्यावर जे नाव दिसतंय त्यावर बोट ठेवायचं. असा टच वडिलांना आजही जमेल. २००७ च्या आयफोनमुळे माहीत झालेलं चिमटीने फोटो मोठा करणंही जमतं, कारण फोटो बोटांबरोबर डोळ्यांदेखत हलतो. गाडी अडते ती पुढे. २०१९ मध्ये अँड्रॉइड १० आलं आणि मागे जायला कडेवरून बोट ओढायची पद्धत रुळली. तिथे ना बाण, ना खूण. वस्तू वापरायला किती सोप्या आहेत याचा अभ्यास करणारे डॉन नॉर्मन आणि जेकब नील्सन यांनी २०१० मध्येच लिहिलं होतं की अशा इशाऱ्यांनी वापरातली सोय मागे गेली. मला ते शंभर टक्के पटतं.

हवेतल्या इशाऱ्यांच्या नादी लागू नका. अंग हलवून गेम खेळायचं मायक्रोसॉफ्टचं उपकरण, किनेक्ट, २०१० मध्ये गाजलं आणि २०१७ मध्ये बंद झालं. गुगलच्या पिक्सेल ४ मध्ये हात हलवून गाणं बदलायची सोय होती, पण हाताची हालचाल ओळखणाऱ्या तिच्या रडारच्या फ्रिक्वेन्सीला परवानगी न मिळाल्याने तो फोन भारतात विकायलाच आला नाही. शिवाय हात वर धरून किती वेळ काम करणार? खांदा भरून येतो. आणि इशारे पुन्हा पाठच करावे लागतात.

त्यापेक्षा आहे त्याच फोनच्या सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशनसाठी, म्हणजे एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी, तीन बटणांचा पर्याय निवडा. खाली मागे जायचं, होम आणि चालू अ‍ॅप्सचं अशी बटणं कायम दिसत राहतात. नव्वद टक्के वैताग इथेच संपतो, हे मी दुकानात बघतो. मग सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी या भागात जाऊन बोट धरून ठेवण्याची वेळ सर्वांत जास्त करा, म्हणजे जोर लावताना बोट जरा जास्त टेकलं तरी आयकॉन लगेच उचलला जाणार नाही. आयकॉन जागचे हलू नयेत म्हणून होम स्क्रीन लॉक करायची सोय असेल तर तीही चालू करा. कड जरा उचललेलं जाड कव्हर घाला. फोन, व्हॉट्सअ‍ॅप, हवामान आणि कॅमेरा पहिल्या पानावर मोठे ठेवा, बाकीचं मागे. टाइप करायचा कंटाळा येत असेल तर कीबोर्डवरच्या माईकला मराठी चांगलं कळतं, तिथे बोलायची सवय लावा.

आणि शिकवताना फोन त्यांच्याच हातात राहू द्या. पोरं फोन ओढून घेतात, भराभर चार ठिकाणी बोट फिरवतात आणि "हे बघा, झालं" म्हणून परत देतात. त्यातून कुणालाच काही शिकता येत नाही.

फोनचं मॉडेल कळवा, ही सेटिंग्ज त्यात नेमकी कुठे आहेत ते सांगतो.