ओटागो आणि ओटा : गावात ज्येष्ठांचं पडणं कमी करायला सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की गावात ज्येष्ठ नागरिक संघ आहे, साठेक सभासद आहेत, वर्षभरात तिघांचा खुबा मोडला आणि त्यातले एक अंथरुणातून परत उठलेच नाहीत. म्हणून संघातर्फे काहीतरी सुरू करायचंय, तर डॉक्टरांच्या व्याख्यानाने सुरुवात करावी का?

व्याख्यान ठेवू नका. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात आमचा हा उद्योग चौथ्या वर्षात आहे आणि माझी सुरुवात नेमकी व्याख्यानानेच झाली होती. मंडप, चहा-बिस्किटं, मोठा बॅनर. जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात, त्यातली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज मी त्या बॅनरवर ठळक छापला होता. नव्वद माणसं आली. पुढच्या आठवड्यात व्यायामाला सात आली, त्यातली दोन चष्मे वाटणार आहेत असं समजून.

चूक माझी होती. "पडू नका" म्हटलं की ते दुसऱ्या कोणासाठी तरी आहे असंच प्रत्येकाला वाटतं. आमच्याकडे कोणी पडतच नाही मुळी! गुडघा सोललेल्या एका बाबांना विचारलं, तर म्हणाले, "पडनू नही वं ताई, बसी गऊ." म्हणजे पडलो नाही, खाली बसलो. पडलो म्हटलं की मुलगा शेतात जाऊ देत नाही, सून मोरीपर्यंत सोबत येते, आणि भाऊबंदकीत बोभाटा होतो की म्हातारं आता थकलं. त्यामुळे "पडलात का?" हा प्रश्नच विचारू नका. "दिवाळीपासून आजवर तोल जाऊन भिंत धरावी लागली, खाली टेकावं लागलं, असं कितीदा झालं?" असं विचारा, मग बोलतात. आशाताई घरोघरी जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी उभं राहताना-चालताना तोल जातो का असा प्रश्न असतोच. तुमच्या गावच्या आशाताईंना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कुठल्या घरात कोण भिंत धरून चालतं हे त्यांना आपल्याआधी माहीत असतं.

आता व्यायाम. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात १९९० च्या दशकात एक कार्यक्रम तयार झाला. पायांच्या ताकदीचे पाच आणि तोलाचे बारा व्यायाम, आठवड्यातून तीनदा, जोडीला दोनदा चालणं. घरी जाऊन शिकवायचा, आणि मूळ चाचण्यांत त्याने पडणं साधारण ३५ टक्क्यांनी कमी झालं होतं. आमच्या मंडळींनी नाव ऐकलं आणि त्याचा "ओट्यावरचा व्यायाम" करून टाकला. खरं सांगते, इतकं चपखल नाव मला सुचलं नसतं. ओट्याची कड धरायला बरोबर उंचीची, बाजूला खांब, दमलं की टेकायला जागा, आणि येणारा-जाणारा बघतो म्हणून चुकवायची सोय नाही. टाचा उचलणं, चवडे उचलणं, गुडघा सरळ करणं, एका पायावर उभं राहणं, लहानपणी पावलांनी अंतर मोजायचो तसं टाचेला अंगठा लावून चालणं, हात न टेकता खुर्चीतून उठणं. ओटागोत घोट्याला वजन बांधतात. आम्ही जुन्या पँटचे पाय कापून त्यात वाळू भरली आणि किराणा दुकानात तोलून अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पिशव्या शिवल्या. प्लास्टिकची खुर्ची मात्र भिंतीला टेकवूनच ठेवा. ती सरकली तर आपला कार्यक्रमच कोणाचा तरी खुबा मोडायचा.

"आम्ही रोज सकाळी चालतो, ते पुरे" असं संघातले निम्मे सभासद म्हणतील. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने पडणं कमी झाल्याचं दिसत नाही, आणि आधीच डळमळणाऱ्याला भरभर चालायला लावलं तर उलटही होतं. तोलाला थोडं आव्हान हवंच. जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१९ साली जो आढावा निघाला, त्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सरासरी २३ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. जास्त फायदा कुठे? जिथे तोलाचे व्यायाम होते आणि आठवड्याला तीनेक तास दिले जात होते तिथे.

तीन तास म्हातारी माणसं देतील का? व्यायामाला म्हणून नाही देणार. आमच्याकडे गाडी रुळावर आली ती भजनी मंडळामुळे. हरिपाठाला माणसं रोज संध्याकाळी जमतातच. आम्ही अर्धा तास आधी जमायला लागलो आणि शेवटची दहा मिनिटं पावली. टाळाच्या ठेक्यावर एक पाऊल पुढे, एक मागे, भार या पायावरून त्या पायावर, मग वळण. परदेशात ज्येष्ठांना 'ताई ची' नावाचा संथ चिनी व्यायाम शिकवतात त्यातही भार असाच सावकाश सरकवायचा असतो. पावली ही माझी जोड आहे, अभ्यासातली नाही. पण ताई ची म्हटलं असतं तर मला गावाबाहेर काढलं असतं.

हे झालं पुरुषांचं. बायका देवळाच्या मंडपात हातपाय हलवायला येणार नाहीत हे कळायला मला चार महिने लागले. त्यांचा वर्ग दुपारी तीनला, एका माजी अंगणवाडी सेविकेच्या अंगणात. पुरुषांसाठी मी निवृत्त पी.टी. मास्तर नेमले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी शिट्टी आणली आणि दोघांना चक्कर आणली. ही बाई मात्र सत्तरीच्या म्हाताऱ्यांना नावानिशी हाक मारते, न आलेल्या बाईच्या घरी जाऊन बसते. शिकवणारा निवडताना व्यायाम किती येतो हे बघू नका, तो मी आठवड्यात शिकवते. न आलेल्याच्या दारात कोण जाईल ते बघा. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत साठी उलटलेल्या बायकाही मजुरीला जातात, तेव्हा वर्ग ओस पडला म्हणून रुसू नका. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, पाठोपाठ अमळनेरची सखाराम महाराजांची यात्रा, वर उन्हाचे चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश. तेव्हा आम्ही सरळ सुट्टी देतो आणि पिशव्या घरी नेऊ देतो. पहिल्या वर्षी सुट्टीनंतर निम्मेच परत आले होते, आता पाऊस सुरू झाला की घरोघरी निरोप फिरतो.

सुरू करण्याआधी एक मोजणी करा. खुर्ची, तिच्यापुढे ३ मीटरवर चुन्याची रेघ, हातात मोबाइल. उठायचं, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर त्या माणसाकडे जास्त लक्ष. मोजताना कोणीतरी अगदी शेजारी उभं राहायचं. तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. आकडा कमी झाला की बाबा तो पारावर स्वतःच सांगत सुटतात, जाहिरात वेगळी करावी लागत नाही.

उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणणाऱ्यांचं बीपी आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत असं दोनदा घ्यायला आरोग्य उपकेंद्रात सांगा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोलायचं. स्वतःच्या मनाने गोळी बंद करायची नाही. झोपेच्या गोळ्याही विचारून घ्या, त्या कोणी आपणहून सांगत नाही. "कमजोरी आली" म्हणून सलाईनची बाटली लावून घेण्याने तोल सुधारत नाही, हे मी सांगून थकले.

घरांचं म्हणाल तर परदेशी याद्यांमधल्या गालिच्यांचा आम्हाला उपयोग नव्हता. आमच्याकडे पडतात ते रात्री अंगणातल्या संडासाकडे जाताना, साबणाच्या मोरीत, आणि नळाला पाणी येतं त्या दिवशी. आठ दिवसांनी पाणी येतं, मग ड्रम, हंडे, नळ्या सगळं वाटेत, आणि म्हातारी माणसंही भरायला धावतात. यावर उपाय साधे निघाले : संडासाच्या वाटेवर एक दिवा, मोरीतलं शेवाळ घासून फरशीला टाचे मारून घेणं, झोळ पडलेल्या खाटेची नवार ताणून पायांखाली विटा. उंबरठा काढा म्हणू नका, त्याची पूजा होते; त्यावर पिवळा पट्टा ओढा. हे सगळं सुनेशी बोला, पण तिच्यावर खापर न फोडता. घर तीच चालवते.

काठीची मूठ हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या घडीपाशी यायला हवी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या उलट हातात. आजोबांची वारशाची काठी बहुधा लांब असते. ६५ पुढच्या, कमी उत्पन्नाच्या लोकांना मुख्यमंत्री वयोश्री योजनेत अशा साधनांसाठी ३,००० रुपये खात्यात मिळतात. संघाने एकत्र अर्ज भरून द्यावेत.

नोंद ठेवायला वही काढली होती, ती कोणी भरली नाही. बायकांनी मार्ग काढला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी टेकावं लागलं त्या तारखेला टिकली. महिनाअखेरीस टिकल्या मोजायच्या. सुरुवातीला टिकल्या वाढतील, घाबरू नका, लोक आता सांगायला लागलेत एवढाच त्याचा अर्थ.

तरीही कोणी पडलं, उठता येत नाही, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, हाडवैद्याकडे न्यायचं नाही. १०८ ला फोन.

मोरीत दांडी बसवणार असाल तर मातीच्या भिंतीत बोल्ट धरत नाही, जमिनीत काँक्रीट करून उभा पाइप रोवा. वेल्डिंगवाला उरलेला दीड इंची पाइप खपवायला बघेल. एक इंचीच घ्या, जाड पाइप आजींच्या मुठीत मावत नाही.