सरकारी कागदपत्रांत आणि सार्वजनिक जीवनात देवाधर्माचे उल्लेख असावेत का?

तुम्ही विचारलंय की सरकारी कागदावर, कार्यालयात, शपथेत देवाचं नाव यावं की नाही, हो किंवा नाही एवढंच सांगा. एवढंच मला सांगता येत नाही. माझ्या माहेरी एका सरकारी कागदावरून देवाचं नाव गळालं आणि ते परत चढवायला मला सव्वादोन वर्षं लागली. त्याच गावात दुसऱ्या एका कागदावर ते नको असताना आजही छापलं जातंय.

माहेर परभणी जिल्ह्यातलं. आम्ही गुरव. गावच्या मारुतीची पूजा आणि दिवाबत्ती आमच्या घराकडं, त्यासाठी देवाची साडेचार एकर खिदमतमाश जमीन. मराठवाड्यातल्या माणसाला खिदमतमाश सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की जमीन देवाची, कसायची सेवा करणाऱ्यानं, आणि परस्पर विकायचा अधिकार त्याला नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, आणि थोरले चुलते पाळीनं पूजा करायचे, एक साल हे, एक साल ते. रास झाली की पहिली पायली देवळात जायची, मगच पोती घरी यायची. कोणी "तुमचं शेत" म्हटलं तर अण्णा म्हणायचे, "मपलं नाही बाबा, मारुतीचं हाय. मी त्याचा सालगडी."

अण्णा गेले, दोन वर्षांनी चुलते गेले. त्याच्या पुढच्या श्रावणात मी गावी गेले, तर शनिवार असून देवळात दिवा नाही. गाभाऱ्याच्या कोपऱ्यात कोळिष्टकं, समईसुद्धा जागेवर नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुला ठावं नाही का बाई, रोडकडच्या तुकड्याचा सौदा चाललाय." मी तिथंच पायरीवर बसून मोबाइलवर महाभूलेख, म्हणजे सातबारा दाखवणारी सरकारी वेबसाइट, उघडली आणि गट नंबर टाकला. भोगवटादाराच्या जागी माझ्या चुलतभावाचं नाव. मारुतीचं कुठंच नाही.

हातानं लिहिलेल्या जुन्या सातबारावर वर "श्री मारुती देवस्थान" होतं आणि त्याखाली वहिवाटदार म्हणून चुलत्यांचं नाव. सातबारा संगणकावर चढवताना वरची ओळ गळाली, खालची राहिली. चुलत्यांच्या माघारी वारसाचा फेरफार मंजूर झाला, आणि सालगड्याचा मुलगा मालक झाला. नोंद कोणी मुद्दाम बिघडवली असं मी म्हणत नाही. पण चुलतभावाला ती चूक दिसत होती आणि तो गप्प बसला, हे मी त्याच्या तोंडावर म्हटलंय, इथंही म्हणते.

तहसीलमध्ये जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली नोंदीतली चूक दुरुस्त करायचा अर्ज दिला. तारखांवर तारखा पडल्या. पहिल्याच तारखेला मला विचारलं, "बाई, तुमचा संबंध काय? तुमचं नाव तर कुठंच नाही." म्हटलं, साहेब, मला माझं नाव लावायचंच नाही, मालकाचं लावायचंय. भावकीत मात्र झालं की लेक माहेरची जमीन खायला आली. त्या जमिनीतला तळहाताएवढा तुकडाही मला मिळणार नव्हता, मिळालेला नाही.

पुरावा म्हणून अभिलेख कक्षातून मुंतखबाची नक्कल काढली. निजामाच्या अमलातला इनामाचा कागद तो, सगळा उर्दूत. आमच्या कॉलनीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर राहतात, त्यांच्याकडं नेला. त्यांनी कागद खिडकीशी धरला आणि ओळीखाली बोट ठेवून हळूहळू वाचत गेले. एका ठिकाणी बोट थांबलं. "बेटा, ये देखो. देवल हनुमान." माझ्या वहीवर त्यांनी ते दोन शब्द आधी उर्दूत मोठ्या अक्षरांत लिहिले, मग खाली देवनागरीत. निजामाच्या कारकुनानं उजवीकडून डावीकडं लिहून ठेवलेलं आमच्या मारुतीचं नाव. मला तिथंच रडू आलं. सरांनी चहा मागवला आणि अख्ख्या कागदाचं भाषांतर करून दिलं, एक रुपया घेतला नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर: जिथं देव स्वतः पक्षकार आहे तिथं त्याचं नाव सरकारी कागदावर असलंच पाहिजे. आपला कायदा देवतेला मिळकत धारण करणारी व्यक्ती मानतो. मध्य प्रदेशातल्या पुजाऱ्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२१ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मालकाच्या रकान्यात फक्त देवतेचं नाव हवं, पुजारी हा जमिनीचा मालक नाही. हा निकाल मी अर्जाला जोडला होता.

आता दुसरा कागद. हाच चुलतभाऊ तेव्हा ग्रामपंचायत सदस्य होता. घरपट्टीच्या पावतीवर "॥ श्री मारुती प्रसन्न ॥" छापायचा आग्रह त्याचा. गावात मुसलमानांची चाळीसेक घरं आहेत, बौद्धवाडा मोठा आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली आजी नळपट्टी-घरपट्टी भरते आणि तिच्या हातात ही पावती पडते. पैसे तिचे, पंचायत तिचीही, मग त्या पावतीवर माझा मारुती कशाला? गुरवाची लेक असून मी हे म्हणते. कर गोळा करणाऱ्या कागदाला देव नसावा. कचेरीच्या भिंतीला नसावा. ठरावाच्या वहीलाही नसावा.

एका लग्नात हा विषय निघाला तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "ही शहरात राहून धर्म विसरली." निजामाच्या राज्यात काय व्हायचं ते आपल्या आजोबांनी पाहिलंय, मी त्याला तेच सुनावलं. १९३८ साली वंदे मातरम् म्हटलं म्हणून उस्मानिया विद्यापीठातल्या आणि औरंगाबादच्या कॉलेजातल्या पोरांना बाहेर काढलं, नागपूर विद्यापीठानं त्यांना जवळ केलं. कोणी काय म्हणायचं हे कचेरीतून ठरायला लागलं की काय होतं, ते मराठवाड्यानं सोसलंय. तेच आपण उलट्या बाजूनं करायचं का?

घटना समितीत हा वाद होऊन गेलाय. १७ ऑक्टोबर १९४९ ला ह. वि. कामतांनी उद्देशिकेची सुरुवात "ईश्वराच्या नावाने" करा अशी दुरुस्ती मांडली होती. देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका, असं पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवलं. तरी मतदान झालं आणि ४१ विरुद्ध ६८ मतांनी दुरुस्ती पडली. त्या सभेत देव मानणारे पुष्कळ होते हे लक्षात घ्या.

शपथेचं विचाराल तर तो वाद मिटलेला आहे. "ईश्वरसाक्ष शपथ घेतो" म्हणा नाहीतर "गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो" म्हणा, दोन्ही चालतं. फक्त छापील नमुन्यात दोन्ही पर्याय असावेत. सगळंच खरवडून काढा असंही मी म्हणत नाही. "सत्यमेव जयते" मुंडकोपनिषदातलं आहे, तरी ते कोणाला टोचत नाही. राज्यघटनेच्या मूळ प्रतीत नंदलाल बोसांच्या चमूनं काढलेली राम, बुद्ध, महावीर यांची चित्रं आहेत, ती राहू द्यावीत. आषाढीची शासकीय महापूजा मात्र मला पटत नाही. सासूबाई वारीला जातात आणि यावरून आमचं दरवर्षी वाजतं.

तुमच्या गावात देवाची जमीन असेल तर आजच तिचा सातबारा उघडून बघा. खासरा पाहणी पत्रकाची, म्हणजे जमिनीच्या जुन्या पाहणी नोंदीची, नक्कल काढा, मुंतखब असेल तर तोही काढा, नावं ताडून पाहा, आणि फरक दिसला तर सौदा व्हायच्या आत अर्ज करा. एकदा खरेदीखत झालं की प्रकरण कोर्टात जातं आणि वर्षं निघून जातात. मशिदीची, दर्ग्याची जमीन असेल तरी हेच करा.

आमच्या गट नंबरवर आता पुन्हा "श्री मारुती देवस्थान" आहे. चुलतभाऊच जमीन कसतो, पाळीही त्याचीच, आणि दिवा लागतो. माझ्याशी बोलत नाही. पावतीबद्दल मी ग्रामसेवकांना दोनदा लेखी दिलं. गावची मतदार नसल्यामुळं ग्रामसभेत मला बोलता येत नाही. यंदाची पावती भावजयीनं फोटो काढून पाठवली, वर मारुती प्रसन्न तसंच आहे.