डोहाळे आणि दोन हृदयं

प्रश्न असा आहे: ‘डोहाळेजेवण’ लिहावं की ‘डोहाळजेवण’, आणि हा शब्द ‘डोह’वरून आला का?

डोहाशी काडीचाही संबंध नाही. ‘मनाच्या डोहातली इच्छा तो डोहाळा’ ही व्युत्पत्ती मोबाइलवर फिरते, तिला तिथेच फिरू द्या. त्याहून चीड येते ती उलट्यांनाच डोहाळे म्हणण्याची. ‘कडक डोहाळे लागलेत, पाणीसुद्धा ठरत नाही!’ अहो, डोहाळा म्हणजे ओढ. पाणी ठरत नसेल आणि लघवी कमी, गडद होत असेल तर आधी दवाखाना गाठा.

आता व्युत्पत्ती. संस्कृतात शब्द आहे दोहद. वररुची आणि हेमचंद्र या दोघांच्याही प्राकृत व्याकरणांत त्यातल्या शेवटच्या ‘द’चा ‘ल’ होतो. त्या दोहलाचा मराठीत डोहळा, डोहाळा झाला. सुरुवातीच्या ‘द’चा ‘ड’ होणं नवं नाही, दंशावरून डसणं आलंच की. पण दोहद कुठून आला? माझं मत ठाम आहे: दोन हृदयांतून. आयुर्वेदाचा आचार्य सुश्रुत सांगतो, चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, त्याला इच्छा होऊ लागतात, म्हणून अशा द्विहृदया स्त्रीला ‘दौहृदिनी’ म्हणतात. दुसरा आयुर्वेदाचार्य चरक हेच तिसऱ्या महिन्यात घालतो. आईच्या तोंडून पोटातलं मूल मागतंय, ही कल्पनाच किती देखणी! आणि ‘द्वि’चा ‘दो’ तर आपण ‘दोन’ म्हणताना रोज करतो.

दुसरा पक्ष ‘दौर्हृद’ म्हणजे दुर् + हृद्, मनाचा बिघाड, असं सांगतो आणि कालिदासाचं रघुवंश पुढे करतो. तिसऱ्या सर्गाच्या पहिल्याच श्लोकात दिलीप राजाच्या गरोदर राणीचं, सुदक्षिणेचं ‘दौर्हृदलक्षण’ आहे, हे खरं. असेना का! लोकांच्या तोंडच्या शब्दाला पंडितांनी मागाहून चढवलेला रफार आहे तो. त्याच सर्गात सुदक्षिणा माती खाते आणि तिच्या मुखाचा मृद्गंध हुंगताना दिलीपाचं मन भरत नाही. आजचा दिलीप तिचं हिमोग्लोबिन तपासून घेईल. माती, खडू, बर्फ, कच्चे तांदूळ यांची ओढ लोहाच्या कमतरतेमुळे असू शकते, शिवाय मातीतून जंत आणि शिसं पोटात जायचा धोका असतो.

डोहाळे पुरवले नाहीत तर मूल कुबडं, खुजं निपजतं, हे सुश्रुताचं म्हणणं आता सोडून द्यावं. चरक जास्त व्यवहारी: इच्छा फारच तीव्र असेल तर अहितकर वस्तूही हितकर वस्तूत मिसळून द्यावी, असं तो म्हणतो. मुद्दा मन न मारण्याचा आहे. (मातीला मात्र ही सवलत नको.) पण दोन आठवडे सतत उदासी, झोप उडालेली, कशातच रस नाही, याला ‘डोहाळेच ते’ म्हणून झटकू नका. ते नैराश्य असू शकतं, त्यावर उपचार आहेत.

हो, जेवणाचं राहिलंच. घोडा-घोडदौड, तसं डोहाळा-डोहाळजेवण. ते बहुधा सातव्या महिन्यात करतात, म्हणजे चरकाच्या हिशेबाने चार महिने उशिराच.