चिंचवडचा चापेकर वाडा मुलांना दाखवायला न्यावा का?

तुमची मुलं सहावी-आठवीत आहेत, त्यांना वाडा दाखवावा का आणि पुण्याच्या प्लेग कमिटीचा इंग्रज प्रमुख रँड याला मारायचा कट तिथेच शिजला का, असं तुम्ही विचारलंय.

न्यावाच. कट मात्र तिथे शिजला असं सांगू नका. 1897 साली चापेकर पुण्यात राहत होते आणि गोळ्या झाडल्या त्या गणेशखिंड रस्त्यावर. चिंचवडचा वाडा म्हणजे त्यांचं मूळ घर. तो मोडकळीला आला होता, नव्याने उभा केलाय. जुन्या भिंती शोधायला जाल तर हिरमोड होईल, माणसं समजून घ्यायला जाल तर नाही.

मी लग्न होऊन चिंचवडगावात आले. आमच्याकडे पाहुणा आला की मोरया गोसावींच्या समाधीचं दर्शन झाल्यावर त्याला वाड्यात नेते ती मीच. एका दिवाळीत नणंदेची मुलं आली होती, सोबत माझे चुलत सासरे अण्णाही निघाले. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव या तिन्ही भावांची मी ओळख करून देत होते तेवढ्यात अण्णा मुलांना म्हणाले, "प्लेगचा जुलूम झाला आणि पोरांची डोकी फिरली. प्लेग आला नसता तर जन्मभर बापाच्या कीर्तनात साथ करत बसले असते."

वडील हरिभाऊ कीर्तनकार होते आणि मुलं साथीला असायची, हे खरं. पण त्यात कमीपणा कसला? गावोगाव हिंडणं, माणसं पाहणं, चारचौघांत न बिचकता उभं राहणं, हे सगळं तिथूनच आलं. मी म्हटलं, "अण्णा, तसं नाही. प्लेग कमिटीवर रँड आला फेब्रुवारी 1897 मध्ये. मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला डांबर फासलं गेलं 1896 मध्ये, आणि ते आपण केलं असं दामोदरनेच सांगितलंय. मग राग आधीचा की नंतरचा?" अण्णा म्हणाले, "तू फार वाचतेस." विषय संपला. घरातल्या थोरल्या माणसापुढे सुनेला याहून जास्त बोलता येत नाही, म्हणून राहिलेलं इथे लिहिते आहे.

मुलांना मात्र मी 22 जूनची रात्र पूर्ण सांगितली. राणीच्या राज्यारोहणाला 60 वर्षं झाल्याचा सोहळा, गव्हर्नरच्या बंगल्यावर मेजवानी, टेकड्यांवर पेटवलेल्या होळ्या. दामोदर आणि बाळकृष्णाकडे पिस्तुलं होती, तलवारी होत्या. तलवार घेऊन एवढ्या गर्दीत वावरलं तर कुणाच्याही नजरेत येईल, म्हणून त्या त्यांनी रस्त्याकडेच्या दगडी मोरीखाली ठेवून दिल्या. संध्याकाळी रँडची वाटावी अशी गाडी समोरून गेली, पण खात्री पटेना, म्हणून जाऊ दिली आणि परतीची वाट पाहत थांबले. रात्री "गोंद्या" अशी ठरलेली खुणेची हाक आली. दामोदर गाडीमागे धावला, मागचा पडदा वर केला आणि गोळी झाडली. मागच्या गाडीतला आयर्स्ट नावाचा इंग्रज अधिकारी बाळकृष्णाच्या गोळीने तिथेच मेला. रँड 3 जुलैला गेला. डोकं फिरलेला माणूस समोरून आलेली गाडी सोडून देऊन तासन्‌तास थांबतो का?

भाच्याने विचारलं, "दामोदरला फाशी दिल्यावर धाकटा घाबरला नाही?" प्रश्न विचारावा तर असा. सरकारने 20,000 रुपयांचं बक्षीस लावलं होतं. द्रविड बंधूंनी पोलिसांना माहिती पुरवली. दामोदर 18 एप्रिल 1898 ला येरवड्यात फासावर गेला. वासुदेवाने तेव्हा विशीही गाठली नव्हती. थोरल्याचं काय झालं ते डोळ्यांसमोर असताना त्याने मित्र महादेव रानडेला घेऊन फेब्रुवारी 1899 मध्ये द्रविडांना पोलिसांनी बोलावल्याचा बहाणा करून रात्री घराबाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या. मग मे महिन्यात फाशी: 8 ला वासुदेव, 10 ला रानडे, 12 ला बाळकृष्ण. एका आईचे तीन मुलगे, त्यातले दोघे एकाच आठवड्यात. "चापेकर बंधू" असं एका दमात म्हणून पुढे सरकतात त्या सगळ्यांवर माझा राग आहे. तिघांची नावं आणि तिघांची कामं वेगवेगळी सांगा. रानडे तर बंधू नव्हता म्हणून बहुतेकांच्या बोलण्यातच येत नाही. त्यांच्यासोबत खंडो साठे नावाचा अल्पवयीन मुलगा होता, त्याला 10 वर्षांची सक्तमजुरी झाली. तुमच्या मुलांना सगळ्यात जवळचा वाटेल तो हाच.

काय पाहायचं ते तिथे गेल्यावर कळेलच, सगळं मांडलेलं आहे. जमलं तर त्याच दिवशी गणेशखिंड रस्त्यावरचं स्मारकही दाखवा, म्हणजे घर आणि घटनेची जागा यांची सरमिसळ होणार नाही. निघताना वेळा विचारून घ्या.

आणि एक सांगायचं राहिलं. दामोदर कट्टर सनातनी होता. समाजसुधारकांचा त्याला मनापासून तिटकारा होता, त्यांच्यावर हात टाकल्याचं त्याने तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात स्वतःच नोंदवलंय. आठवीतल्या मुलाला हे समजतं, त्याच्यापासून लपवू नका. प्लेगच्या वेळी गोरे सोजीर घरांत शिरत, देवघरापर्यंत जात, त्याचाही संताप त्यांच्या मनात होताच, आणि तेवढ्यापुरतं अण्णांचं म्हणणं मला मान्य आहे. सहावीतल्याला फाशीचं ऐकून झोप लागणार नाही असं वाटत असेल तर त्याला डांबराची आणि मोरीखाली ठेवलेल्या तलवारींची गोष्ट सांगा, बाकीचं दोन वर्षांनी.