पायथनमध्ये मेमरीतला एसक्यूलाइट डेटाबेस: टेबल बनवलं तरी ‘नो सच टेबल’ का येतं?

एका फंक्शनमध्ये टेबल बनवलं आणि दुसऱ्यात पुन्हा कनेक्ट केलं, म्हणून हे घडतंय. फाइलच्या नावाऐवजी ‘:मेमरी:’ दिलं की प्रत्येक कनेक्शनला स्वतःचा कोरा डेटाबेस मिळतो. दुसऱ्या कनेक्शनला पहिल्याचं टेबल दिसतच नाही.

सर्वात सरळ उपाय म्हणजे कनेक्शन एकदाच उघडा आणि तेच ऑब्जेक्ट सगळ्या फंक्शनना पाठवा. टेस्टसाठी मी हेच सुचवेन.

एकाहून जास्त कनेक्शन लागणारच असतील, तर ‘फाइल:चाचणी?मोड=मेमरी&कॅश=शेअर्ड’ असा पत्ता द्या (शब्द अर्थातच रोमन लिपीत) आणि कनेक्ट करताना ‘यूआरआय’ हे आर्ग्युमेंट ट्रू ठेवा. ते विसरलात तर हा सगळा पत्ता साध्या फाइलचं नाव समजला जातो. शेवटचं कनेक्शन बंद होताच डेटा जातो, म्हणून एक कनेक्शन शेवटपर्यंत उघडं ठेवा. इथे कमिट (केलेले बदल पक्के करणं) विसरू नका. पायथन इन्सर्टच्या आधी आपोआप ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या बदलांचा गट) सुरू करतं आणि कमिट होईपर्यंत दुसऱ्या कनेक्शनला ‘टेबल इज लॉक्ड’ मिळतं. टाइमआउट वाढवून हे सुटत नाही, कारण शेअर्ड कॅशच्या कुलपासाठी एसक्यूलाइट थांबतच नाही, लगेच एरर देतं.

थ्रेड (एकाच प्रोग्राममध्ये समांतर चालणारी कामं) वापरत असाल तर एक कनेक्शन मूळ थ्रेडबाहेर चालत नाही. ‘चेक सेम थ्रेड’ फॉल्स करता येतं, पण मग लिहिताना लॉक तुम्हीच सांभाळायचं.

डेटा टिकवायचा झाला तर पायथन ३.७ पासून कनेक्शनवर ‘बॅकअप’ मेथड आहे. तिला फाइलवरचं कनेक्शन द्या.