आधी लॅपटॉप परत द्या

कोथरूडच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी बारावीत, अकरावीला गणितात 68. रात्री लॅपटॉपवर भडकणाऱ्या ताऱ्यांच्या तेजाचे आलेख बघत बसते, म्हणून त्यांनी लॅपटॉप काढून घेतलाय. जेईईसाठी कुठला क्लास लावावा, असं ते विचारतात.

नमस्कार,

क्लासचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या पत्रात ‘आम्ही ठरवलंय’ पुन्हा पुन्हा येतं, मुलीचं म्हणणं मात्र एका ओळीतही नाही. 68 चे 85 करता येतात. पण ऐन बारावीत तिची आवडती गोष्ट हिसकावून घेतलीत, त्याची मला जास्त काळजी वाटते. ‘पुढे आभार मानेल’ असं तुम्ही लिहिता. अशी मुलं इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षी विषय राहिलेले घेऊन माझ्यासमोर बसतात आणि घरी कसं सांगू, असं विचारतात. तुमच्या मुलीवर ती वेळ आणू नका.

‘आता दुर्बिणी सगळं आकाश टिपतात, कॉम्प्युटर तारे शोधतो, माणसाला काय उरलं?’ हा तुमचा समज साफ चुकीचा आहे. ती शोधतेय त्या जोडताऱ्यांत, म्हणजे एकमेकांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांत, श्वेतबटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा) शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढत असतो. त्याच्याभोवती साचलेली वायूची तबकडी मधूनच भडकते. यातले अंधुक तारे फार क्वचित भडकतात: डब्ल्यूझेड सॅजिटी 1913, 1946, 1978 आणि 2001 मध्ये भडकला. काही वर्षांच्या सर्वेक्षणात असा तारा निपचितच राहू शकतो. शिवाय तेज तर क्वेसारचंही (दूरच्या दीर्घिकांच्या झगझगीत केंद्रांचं) बदलतं, सुपरनोव्हाचंही (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांचं) आणि तांबड्या बटूंचंही (लहान, थंड ताऱ्यांचं). मग कुणाला तरी आलेख नीट बघावा लागतो, जुन्या नोंदी चाळाव्या लागतात, शेवटी वर्णपटात हायड्रोजनच्या उत्सर्जन रेषा तपासाव्या लागतात. स्लोन या आकाश सर्वेक्षणाच्या वर्णपटांतून असे अंधुक तारे हाती लागले, तेव्हा कुठे 2009 मध्ये 80 ते 86 मिनिटांत एकमेकांभोवती फिरणाऱ्या जोड्यांची गर्दी दिसली. सिद्धांत ती असणार असं आधीपासून सांगत होता, सापडत नव्हती. अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या झेडटीएफ या आकाश सर्वेक्षणाची माहिती खुली असते. तुमची मुलगी कोथरूडमध्ये बसून खरं काम करू शकते.

मार्ग नेहमीचेच: आयसर या विज्ञान संस्था, विज्ञान संस्थांची नेस्ट ही प्रवेश परीक्षा, किंवा फिजिक्समध्ये बीएस्सी आणि मग एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा. इंजिनिअरिंग करूनही पुढे इकडे वळता येतं.

तिलाही स्पष्ट सांगते. आलेख आवडतात एवढ्यावर भागणार नाही. गणित पक्कं हवं, संख्याशास्त्र आणि पायथन शिकावं लागेल. पीएचडी, त्यानंतर पोस्टडॉक, आणि कायमच्या जागा थोड्या. स्थिरावायला तिशी उलटू शकते. हे कळूनही तिला तेच हवं असेल, तर अडवू नका. 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था लोकांसाठी खुली असते, तिला घेऊन जा आणि तिथल्या माणसांशी तिलाच बोलू द्या.

पुढचं पत्र तिनं लिहावं. सध्या कोणता तारा बघतेय आणि तो तिला असा जोडतारा का वाटतो, एवढं कळलं तरी तिची तयारी मला जोखता येईल.